सरपण वाळवताना आणि विकताना : वाचकांचे प्रश्न

झाडे छाटण्याची आणि उतरवण्याची कामे घेणाऱ्यांकडे कामागणिक लाकूड साठत जाते. ते वाळवून जळणासाठी विकण्याबद्दल आलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : आम्ही दोघे भाऊ झाडतोडीची कामे करतो. निघालेले लाकूड आतापर्यंत जागामालकालाच ठेवत होतो. ते आणून, वाळवून विकायचे तर कुठले आणावे आणि कुठले सोडून द्यावे?

आधी कागदाचे बघा. झाड तोडायची परवानगी असली म्हणजे लाकडाच्या वाहतुकीची आणि विक्रीचीही असतेच असे नाही. तुमच्याकडे काय लागते ते काम घेण्यापूर्वीच विचारून घ्या.

आता लाकूड. पूर्ण कोरडे करून किलोवर मोजले, तर बहुतेक जातींची उष्णता जवळपास सारखीच भरते : किलोला १८ ते १९ मेगाज्यूल. फरक आहे तो घनतेत. बाभूळ, सुरू, निलगिरी जड. आंबा, सुबाभूळ मध्यम. पांगारा, काटेसावर, शेवगा अगदी हलके. पांगाऱ्याची एक गाडी कापायला, फोडायला, रचायला आणि पोचवायला बाभळीच्या गाडीइतकीच मजुरी खाते आणि उष्णता देते साधारण एक तृतीयांश. म्हणून हलके लाकूड फुकट मिळाले तरी आणू नये. गिऱ्हाइकाला चूल पेटवायला थोडे लागते, तेवढे पुरे.

पाच सेंटिमीटरपेक्षा बारीक फांद्या वेगळ्या काढा. त्यांची मोळी बांधा किंवा चिपरमध्ये, म्हणजे फांद्यांचा भुगा करणाऱ्या यंत्रात, घाला. ओंडक्यांच्या थप्पीत त्या मिसळल्या की हवेच्या वाटा बुजतात. साठ सेंटिमीटरच्या वरचे बुंधे अख्खे उचलायच्या फंदात न पडता जागेवरच ठोकळे पाडून त्यांचे दोन-चार भाग करा. मुळे आणि जमिनीलगतचा भाग सोडून द्या. त्यात माती-खडे रुतलेले असतात आणि एका कापात साखळीची धार जाते.

कुंपणाजवळचे, रस्त्याकडेचे किंवा अंगणातले झाड असेल तर खालच्या दोन मीटरांत खिळे, तारा, हूक सापडणारच. कापलेल्या तोंडावर निळसर-काळा डाग दिसला तर आत लोखंड आहे असे धरून चाला. लोखंड आणि लाकडातले टॅनिन मिळून तो रंग येतो. हातातला साधा धातुशोधक घेतलात तर साखळ्यांच्या खर्चात त्याची किंमत लवकर वसूल होते.

माडाचे आणि इतर ताडवर्गीय खोड सरपणाच्या हिशोबात धरू नका. त्याला लाकडासारखी वलये नसतात, आतला गर पाण्याने भरलेला असतो आणि धागे कुऱ्हाडीला दाद देत नाहीत. कण्हेर आणि बिब्बा कधीही जळणात घालू नका : कण्हेरीचा धूर विषारी असतो आणि बिब्ब्याचा चीक व धूर त्वचेला, डोळ्यांना आणि श्वासाला बाधतो. रंग दिलेले, वाळवीविरोधी औषध पाजलेले लाकूडही नको. तांबे-क्रोमियम-आर्सेनिकने प्रक्रिया केलेल्या लाकडाच्या राखेत आर्सेनिक उरते, आणि गिऱ्हाईक ती राख झाडांना घालते.

प्रश्न : ओंडके वर्षभर अंगणात पडून होते. तरी फोडल्यावर आतून ओले निघाले. मग लाकूड वाळायला नेमका किती काळ लागतो?

पडून असलेले लाकूड वाळत नाही, असेच समजा. लाकडातले पाणी धाग्यांच्या दिशेने जितक्या वेगाने बाहेर येते, त्याच्या दहाव्या-पंधराव्या हिश्शाने ते धाग्यांना आडवे सरकते. त्यातून साल पाणी अडवते. म्हणजे दीड मीटर लांबीच्या सालीसकट ओंडक्याला श्वास घ्यायला दोन टोकांशिवाय जागा नाही, आणि ही दोन टोके मध्यापासून पाऊण मीटर लांब. म्हणून क्रम असा : आधी लांबी पाडा, लगेच फोडा, मग रचा. ओंडके ‘थोडे वाळू दे, मग फोडू’ म्हणून ठेवणे हा या धंद्यातला सर्वांत महागडा आळस आहे.

लांबी गिऱ्हाइकाच्या चुलीवर किंवा भट्टीवर ठरते; घरगुती वापराला २५ ते ४० सेंटिमीटर चालते. जाडी ७ ते १२ सेंटिमीटर ठेवा. दहा सेंटिमीटरच्या आतली गोल फांदीसुद्धा एकदा मधून चिरली तर वाळण्याचा काळ चांगलाच घटतो, कारण सालीचे आवरण तुटते.

आता काळ. ताज्या लाकडात एकूण वजनाच्या ४० ते ५५ टक्के पाणी असते. जातीनुसार आणि हंगामानुसार ते बदलते. यातले पेशींच्या पोकळीत मोकळे असलेले पाणी आधी आणि भराभर जाते. कोरड्या वजनाच्या २८-३० टक्क्यांवर ते संपते. उरते ते पेशींच्या भिंतींना धरलेले पाणी, आणि ते सावकाश निघते. याच टप्प्यापासून लाकूड आक्रसू लागते आणि तोंडाला भेगा पडतात. भेगा दिसल्या की लोक ‘वाळले’ म्हणतात. खरे तर तोंडाकडचे दोन-तीन सेंटिमीटर वाळलेले असतात, मधला भाग अजून वाटेत असतो.

कडक ऊन, वारा आणि कोरडी हवा असेल तर फोडलेले मध्यम लाकूड तीन ते पाच महिन्यांत तयार होते. बाभूळ-सुरूसारखे जड लाकूड आठ ते बारा महिने घेते. दमट, थंड, वारा कमी अशा जागी दीड-दोन वर्षेही लागतात. ‘इंचाला एक वर्ष’ हा ऐकीव नियम सुतारकामाच्या फळ्यांचा आहे. आखूड कापून फोडलेल्या सरपणाला तो लावू नका.

कालावधीवर विसंबण्यापेक्षा साक्षीदार लाकडे ठेवा. थप्पी रचताना चार-पाच सर्वसाधारण आकाराचे तुकडे निवडा, खडूने खूण करा, वजन करून वजन आणि तारीख तोंडावरच लिहा, आणि ते थप्पीच्या मध्यावर हाताला लागतील असे ठेवा. दर पंधरवड्याला वजन करा. सुरुवातीला प्रत्येक वेळी किलोमागे पन्नास-शंभर ग्रॅम उतरतील, पुढे वेग मंदावेल. लागोपाठ दोन वजनांत फरक जवळपास दिसेनासा झाला की त्या हवेत त्या लाकडाला जेवढे वाळायचे तेवढे ते वाळले. स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा याला पुरतो.

प्रश्न : थप्पी पावसाने भिजू नये म्हणून प्लास्टिकने चारी बाजूंनी गच्च झाकली. उघडली तेव्हा आत बुरशी आणि आंबूस वास. चूक काय झाली?

झाकण्याची पद्धत. लाकडातून निघालेली वाफ प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थंड होऊन पाणी बनते आणि परत लाकडावर टपकते. ओल्या लाकडाला ऊन कमी मिळाले तरी एकवेळ चालते, पण वारा मिळालाच पाहिजे. झाकण फक्त माथ्यावर घाला, बाजूने फार तर वीतभर खाली येऊ द्या. पत्र्याचे तुकडे उताराने टाकून वर दगड ठेवले तर ताडपत्रीपेक्षा जास्त टिकते.

थप्पीची रचना अशी ठेवा. खाली जुनी पॅलेट, सिमेंटचे ठोकळे किंवा दगडांवर दोन बल्ल्या. जमिनीपासून किमान दहा-पंधरा सेंटिमीटर उंच. एका लाकडाच्या लांबीइतकीच रुंद, म्हणजे एकेरी ओळ. उंची सव्वा मीटरच्या आसपास. ओळ वाऱ्याला आडवी घाला, म्हणजे वारा तोंडांमधून आरपार जाईल. दोन्ही टोकांना लाकडे एकाआड एक आडवी-उभी रचून चौकोनी खांब उभा करा, नाहीतर वाळताना लाकूड आक्रसते आणि थप्पी बाजूला झुकते. भिंतीला चिकटवून रचू नका. मागे हात घालता येईल एवढी तरी फट हवी. राहत्या घराला लागून तर थप्पी नकोच. आग आणि साप-विंचू, दोन्हींसाठी. हातमोज्यांशिवाय जुन्या थप्पीत हात घालू नये.

साल वर की खाली, यावर दोन तट आहेत. उघड्यावर, माथ्याच्या थराची साल वर ठेवली तर पाणी ओघळून जाते. छपराखाली कशीही ठेवा, फरक पडत नाही.

तुमचे बुरशी लागलेले लाकूड फेकू नका. सुटे करून वाऱ्यावर पुन्हा रचा. वरवरची पांढरी-हिरवी बुरशी वाळल्यावर थांबते आणि उष्णता कमी करत नाही. तिचे बीजाणू मात्र छातीला वाईट, म्हणून हलवताना नाका-तोंडावर मास्क. नखाने दाबल्यावर लाकूड भुसभुशीत लागले, धागे सुटले, तर ते कुजले आहे. असे लाकूड हातात हलके लागते, आणि गिऱ्हाईक त्यालाच ‘छान वाळलेले’ समजून उचलते.

प्रश्न : मॉइश्चर मीटर २५ टक्के दाखवतो. दुसरा विक्रेता म्हणतो त्याचे लाकूड २० टक्के आहे. त्याचे जास्त सुके का?

कदाचित दोघांचे सारखेच असेल. ओलावा दोन पद्धतींनी सांगतात. एकात पाण्याचे वजन भागिले पूर्ण कोरड्या लाकडाचे वजन. सुयांचे मीटर बहुधा याच पद्धतीने आकडा देतात. दुसऱ्यात पाण्याचे वजन भागिले एकूण वजन. एक किलोच्या तुकड्यात ८०० ग्रॅम लाकूड आणि २०० ग्रॅम पाणी असेल, तर पहिल्या पद्धतीने २५ टक्के आणि दुसऱ्याने २०. ताज्या लाकडाचा ५० टक्के हा आकडा पहिल्या पद्धतीने १०० होतो. विकताना कुठल्या पद्धतीचा आकडा ते पावतीवर लिहा, म्हणजे वाद राहत नाही. एकूण वजनावर २० टक्के किंवा त्याखाली आलेले लाकूड जाळायला तयार समजावे.

मोजतानाही चुका होतात. तोंडावर किंवा जुन्या बाहेरच्या पृष्ठभागावर सुया टोचल्या की आकडा बहुधा खोटा कमी येतो. लाकूड त्या वेळी नव्याने फोडा, नव्या पृष्ठभागाच्या मध्यावर, दोन्ही सुया धाग्यांच्या एकाच रेषेवर येतील अशा खोल दाबा. एका तुकड्यावर तीन जागी घ्या. थप्पीच्या वरून एक, मधून एक आणि खालून एक असे तुकडे निवडा. मीटरचा ३० टक्क्यांच्या वरचा आकडा फक्त ‘ओले’ एवढेच सांगतो, त्यातले ४२ आणि ५५ गंभीरपणे घेऊ नका.

मीटरवर शंका आली तर घरी पडताळता येते. लाकडाच्या मध्यातून दीड-दोन सेंटिमीटर जाडीची चकती कापा, लगेच वजन करा, १०३ अंश सेल्सिअसच्या जवळपास ओव्हनमध्ये ठेवा आणि वजन उतरायचे थांबेपर्यंत दर तासाला तपासा. पहिल्या वजनातून शेवटचे वजा करा. उत्तराला शेवटच्या वजनाने भागले तर एक आकडा, पहिल्या वजनाने भागले तर दुसरा. ओव्हन सोडून जाऊ नका.

प्रश्न : वजनावर विकावे की मापावर? आमच्याकडे सगळे वजनावरच घेतात आणि ओले लाकूड विकणाऱ्याचेच फावते.

ही तक्रार अगदी खरी आहे, आणि हिशोब मांडल्याशिवाय तिच्यातून वाट निघत नाही.

एक टन ताजे लाकूड घ्या, एकूण वजनाच्या निम्मे पाणी. म्हणजे ५०० किलो लाकूड, ५०० किलो पाणी. ते २० टक्क्यांवर आणले की उरते ६२५ किलो : ५०० लाकूड, १२५ पाणी. तुम्ही वर्षभर जागा अडवून, दोनदा रचून ३७५ किलो माल हवेत सोडला. किलोचा भाव तोच ठेवलात तर सरळ तोटा. नुसती बरोबरी साधायला सुक्याचा किलोभाव ओल्याच्या १.६ पट हवा. जागा आणि मजुरी त्यावर.

आता गिऱ्हाइकाच्या बाजूने. निम्मे पाणी असलेल्या लाकडातून किलोला सुमारे ८ मेगाज्यूल मिळतात, कारण किलोत लाकूड निम्मेच असते आणि त्याचीही काही उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते. वीस टक्क्यांच्या लाकडातून १४.३ मिळतात. प्रमाण जवळजवळ १.८. म्हणजे ओल्याच्या १.६ ते १.८ पट या पट्ट्यात कुठेही भाव धरलात तर गिऱ्हाइकाला त्याच पैशात उष्णता जास्तच मिळते. ही पट्टी अरुंद आहे हे खरे, पण तिच्याबाहेर आणखी काही तुमच्या बाजूने आहे : सुके लाकूड लवकर पेटते, धूर कमी करते आणि धुराड्यात डांबरी काजळी कमी धरते. त्याचे मोल वेगळे लावता येते. भाव सांगण्याआधी गिऱ्हाइकासमोर एक तुकडा फोडून मीटर लावा, दुसऱ्याकडून आणलेल्या तुकड्यालाही लावा. आकड्यावर बोलणे सोपे जाते.

शक्य असेल तिथे मापाने विका. वाळताना लाकडाचे वजन तिसऱ्या हिश्शाहून जास्त घटते, आकारमान मात्र साधारण दहा टक्क्यांच्या आत. त्यामुळे मापात पाणी विकता येत नाही. पण माप कुठले ते स्पष्ट हवे. एक घनमीटर नीट रचलेल्या थप्पीत प्रत्यक्ष लाकूड ०.६५ ते ०.७ घनमीटर असते, बाकी हवा. तेच गाडीत सुटे ओतले तर घनमीटरला ०.४ ते ०.४५. म्हणजे रचलेला एक घनमीटर हवा असेल तर सुटे दीड ते पावणेदोन घनमीटर ओतावे लागते. ‘एक गाडी’ हे माप भांडणाचे मूळ आहे. गाडीच्या हौद्याची आतली लांबी, रुंदी, उंची मोजून पावतीवर ‘सुटे, इतके घनमीटर’ असे लिहा आणि जात लिहा. मापाने विकताना जातीनुसार भाव वेगळा असलाच पाहिजे, नाहीतर बाभूळ आणि आंबा एकाच भावाने जातील आणि चांगला माल आधी संपेल.

प्रश्न : पन्नास घनमीटर रचलेला साठा ठेवायला जागा किती लागेल?

ओळ ३० सेंटिमीटर रुंद, १.२ मीटर उंच, १० मीटर लांब धरली तर एका ओळीत ३.६ घनमीटर बसते. पन्नासाला चौदा ओळी. दोन ओळींत ३० सेंटिमीटर फट ठेवली तर ८.१ मीटर × १० मीटर. गाडी वळायला, फोडायला, ताजे ओंडके टाकायला तेवढीच जागा वेगळी लागते. आमच्या मते इतक्या जवळ चौदा ओळी घातल्या तर मधल्या ओळी मागे राहतात. तिथे मध्यम लाकूड ठेवा आणि जड लाकूड वाऱ्याच्या कडेला, किंवा जागा असेल तर फटी दुप्पट करा. प्रत्येक ओळीला पाटी हवी : जात, फोडल्याचा महिना, सुरुवातीचे वजन. आधी रचलेले आधी विकायचे, हा नियम पाटीशिवाय चालत नाही.

मजुरीचा हिशोब करताना एक लाकूड किती वेळा हातात येते ते मोजा. कापताना, फोडताना, रचताना, काढताना, गाडीत, दारात. सहा वेळा सहज होते. लोखंडी जाळीच्या सुमारे घनमीटरच्या पेट्या वापरल्या आणि फोडलेले लाकूड थेट त्यांत टाकले, तर रचणे आणि काढणे दोन्ही वाचते. सुटे पडल्याने हवाही चांगली खेळते. त्या हलवायला पुढे काटे असलेले उचलयंत्र (फोर्कलिफ्ट) हवे, आणि तीच खरी अडचण.

प्रश्न : गाठीचे ओंडके फुटत नाहीत. पाचर अडकून बसते. यंत्र घ्यावे का, आणि किती टनाचे?

बहुतेक लाकूड ताजे असताना सोपे फुटते. निलगिरीचे धागे पिळलेले असतात. ती वाळली की फोडणाऱ्याची परीक्षाच. सुरूचेही तेच. ही दोन्ही आणल्या आठवड्यात फोडा.

मोठा ठोकळा मधोमध मारून फोडायचा हट्ट नको. कडेने एकेक फळी सोलत आत या. तोंडावर आधीच भेग असेल तर तिच्याच रेषेत मारा. गाठ असलेले टोक खाली ठेवा. दुबेळक्याचा तुकडा वेगळा काढून करवतीने कापणेच बरे. कुऱ्हाड अडकली तर तिच्या पाठीवर दुसरी कुऱ्हाड मारू नका. कडक पोलादाचे कण उडतात आणि डोळा जातो. पाचर आणि घण वापरा, पाचरेचे डोके ठोकून फुलले असेल तर कडा घासून काढा, चष्मा लावा. खालचा ठोकळा गुडघ्याच्या जरा खाली असावा. त्यावर जुना टायर बसवला तर फुटलेले तुकडे उडून पायावर येत नाहीत.

सरळ धाग्याच्या ३० सेंटिमीटरपर्यंतच्या लाकडाला सहा-आठ टन दाबाचे हायड्रॉलिक यंत्र पुरते. झाडतोडीच्या कामातून तुम्हाला येणारा माल मात्र गाठीचाच जास्त, तेव्हा १५ ते २५ टनांचा विचार करा. दोन्ही हात गुंतवणारी मूठ असलेलेच घ्या आणि ती बांधून एका हाताने चालवू नका. या यंत्रांवर बोटे जातात ती एकाने लाकूड धरले आणि दुसऱ्याने दांडा ओढला म्हणून. ओंडक्याची तोंडे तिरपी कापली असतील तर दाबाखाली लाकूड उसळते. लांबी पाडतानाच काटकोनात कापा.

प्रश्न : वाळलेल्या लाकडातून पिठासारखा भुसा गळतो. औषध मारावे का?

मारू नका. ते जळणार आहे, आणि औषधाचा धूर कोणाच्या तरी घरात जाणार आहे. हा भुंगा लाकडाच्या बाहेरच्या फिकट भागातल्या पिठूळ द्रव्यावर जगतो. गाभ्याला सहसा लागत नाही. सुबाभूळ, आंबा, शिरीष यांत तो जास्त दिसतो. त्या लाकडाची उष्णता फार कमी होत नाही, पण ते आधी विकून टाका आणि गिऱ्हाइकाला सांगा की साठा घराबाहेर ठेवावा, आठवड्यापुरतेच आत न्यावे, कारण भुंगा लाकडी सामानात जाऊ शकतो. वाळवीचे तसे नाही : ती जमिनीतून येते, थप्पी उंच ठेवली आणि मातीच्या नळ्या दिसताच मोडल्या तर आटोक्यात राहते.

लांबवर न वाळवलेले सालीसकट लाकूड पाठवू नये, याचे कारणही कीडच. एमराल्ड अॅश बोअरर हा भुंगेरा २००२ मध्ये उत्तर अमेरिकेत आढळला, आणि पुढे त्याच्या प्रसाराला सरपणाची ने-आण मोठ्या प्रमाणावर कारणीभूत ठरली. देशोदेशी जाणाऱ्या लाकडी खोक्यांसाठी म्हणूनच गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस, ३० मिनिटे अशी उष्णता देण्याचे आंतरराष्ट्रीय मानक आहे.

प्रश्न : वर्षभर थांबण्यापेक्षा भट्टीत वाळवले तर?

एक टन लाकूड ४५ टक्क्यांवरून २० वर आणायला सुमारे ३१२ किलो पाणी घालवावे लागते. नुसत्या वाफेलाच साडेसातशे मेगाज्यूलवर उष्णता लागते, म्हणजे २० टक्क्यांच्या लाकडाचे ५३ किलो. पण साध्या भट्टीत दोन-तृतीयांश उष्णता भिंती, गरम हवा आणि धुराड्यातून वाया जाते. तेव्हा दीडशे किलोच्या आसपास धरा. टनाचे तयार लाकूड होते ६८८ किलो. त्यातला पाचवा हिस्सा भट्टीच खाते. बारीक फांद्या आणि ढलप्या एरवी फुकट जात असतील तरच हे जमते. लहान धंद्याला पारदर्शक छताचा, वर आणि खाली मोठे झरोके असलेला मांडव जास्त परवडतो. झरोके बंद ठेवून आत गरम करायचा मोह आवरा. बाहेर न गेलेली वाफ रात्री परत लाकडावरच बसते.

प्रश्न : वाळलेले लाकूड पावसाळी हवेत पुन्हा ओले होते का?

होते, पण ठरावीक मर्यादेपर्यंत. लाकूड हवेशी जुळवून घेते. हवेत ६५ टक्के आर्द्रता असेल तर ते कोरड्या वजनाच्या १२ टक्क्यांच्या आसपास स्थिरावते, ८० ला १६ आणि ९० ला २० च्या आसपास. छपराखालचे नीट वाळलेले लाकूड त्यामुळे जळण्यालायक राहते. अर्धवट वाळलेले मात्र दमट महिन्यांत जागच्या जागी थांबते. म्हणून फोडणे आणि रचणे कोरडा हंगाम सुरू होतानाच संपवा. उशीर झाला तर तो माल पुढच्या हंगामाचा धरा आणि पाटीवर तसे लिहा.

प्रश्न : मीटरवर १८ टक्के दाखवून दिले, तरी गिऱ्हाईक म्हणते धूर येतो. आता काय करायचे?

त्यांच्या साठ्यातला तुकडा तिथेच फोडून मोजा; पोचल्यावर तो उघड्या पावसात ठेवला असेल तर तेवढ्यावर कळेल. आकडा ठीक असेल तर चुलीकडे बघा. हवेचे झडप रात्री पूर्ण बंद करणे, वीस सेंटिमीटरचा जाड ठोकळा विझत्या निखाऱ्यांवर ठेवणे, धुराडे काजळीने अरुंद होणे, यांनी सुके लाकूडही धुमसते. धुराड्यातली हवा फार थंड झाली की धुरातली डांबरी द्रव्ये भिंतीला धरतात, आणि ती पुढे पेटही घेतात. बारीक फोडलेले दोन तुकडे झडप उघडे ठेवून जाळून दाखवा. धूर लगेच विरळ झाला तर लाकूड निर्दोष.

प्रश्न : चिपरमधून निघालेल्या भुग्याच्या ढिगातून वाफा येतात. धोका आहे का?

हिरव्या पाल्यासकट केलेला ढीग काही दिवसांतच आतून तापतो. जिवाणू आणि बुरशी काम करत असतात. लहान ढीग वाफ देऊन शांत होतो. उंच, दाबलेला आणि बरेच महिने न हलवलेला ढीग आतून पेटू शकतो. उंची दोन मीटरच्या आत ठेवा, लाकडाच्या थप्पीपासून दूर ठेवा, त्यावर गाडी चढवून दाबू नका. आच्छादन म्हणून दिलात तर पाच ते दहा सेंटिमीटरचा थर सांगा, आणि झाडाच्या बुंध्याला टेकवू नये हेही.

प्रश्न : एक टन क्षमतेच्या गाडीत किती लाकूड भरावे?

बाभूळ-सुरूसारखे जड लाकूड ओले असताना सुटे टाकले तर घनमीटरला ४५० ते ५०० किलो भरते, रचून भरले तर ७०० ते ८००. हौदा २.४ × १.५ × ०.५ मीटरचा, म्हणजे १.८ घनमीटरचा असेल, तर फळीपर्यंत सुटे भरून आठशे-नऊशे किलो होतात. तोच हौदा रचून भरला तर १,२५० किलोच्या वर जाते आणि ब्रेक लावताना कळते. ओले लाकूड जागेवरून आणताना सुटेच भरा आणि फळीच्या वर ढीग करू नका. सुके लाकूड पोचवताना रचून भरता येते; तेव्हा वरचा थर जाळीने बांधा, कारण गचक्याने उडणारे लाकूड मागच्या दुचाकीवर पडते.